तोंजिरू आणि इमोनी: डुकराचे मांस, अळकुड्या आणि मिसो यांचा रस्सा दाट व चवदार कसा होईल?

हिरोसेकाठ (प्रश्नकर्ती)

नमस्कार. आम्ही जपानच्या मियागी प्रांतात, सेंदाई शहरात राहतो. येथे शरद ऋतू लागला की लोक नदीच्या पात्रात दगडांच्या चुली मांडून 'इमोनी' शिजवतात. हंगामात तर येथील दुकाने पातेली भाड्याने देतात आणि दाराशीच सरपणाच्या मोळ्या रचून ठेवतात. शेजारच्या यामागाता प्रांताच्या अंतर्भागात इमोनीत गोमांस आणि सोया सॉस घालतात. आमच्याकडे, तसेच यामागाताच्याच किनाऱ्यालगतच्या शोनाई भागात, डुकराचे मांस आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) घालतात. त्यामुळे आमची इमोनी म्हणजे जपानी घरांत एरवी होणारे तोंजिरूच, फक्त अळकुड्या सढळ हाताने घातलेले.

यंदा वस्तीच्या मंडळाने वीस माणसांच्या एका पातेल्याची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. म्हणून सध्या घरी चार माणसांच्या मापाने सराव चालू आहे. पाणी उकळते, त्यात मांसाचे पातळ काप, मुळा, गाजर, गोबो (एक लांब मुळी), अळकुड्या आणि कोन्न्याकू (एका कंदाच्या पिठाची लवचीक वडी) एकदम घालते, सर्व शिजल्यावर मिसो कालवते आणि आणखी दहा मिनिटे उकळू देते. पदार्थ वाईट होत नाही, पण शेजारणीच्या हातचा जो दाट, खोल चवीचा रस्सा खाल्ला आहे त्याच्या जवळपासही जात नाही. मांस चिवट लागते, अळकुड्यांचा काही भाग विरघळून तळाशी बसतो तर मुळा अजून करकरीतच असतो, आणि मिसोचा वास पातेल्यापेक्षा स्वयंपाकघरातच जास्त दरवळतो.

माझे प्रश्न असे आहेत. मांसाचा कोणता भाग घ्यावा आणि भाज्या कोणत्या क्रमाने घालाव्यात? अळकुड्या सोलताना हाताला फार खाज सुटते, त्यावर इथे कोणी काही उपाय करते का? सासूबाई सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आल्या आहेत आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी याच वळणाचे वेगळे काही करता येईल का? आणि पुढे कधी भारतात हा पदार्थ करायचा झाला, तर कोणते साहित्य चालवून घ्यावे?

चुलीपुढे

ताई, तुमचे साहित्य बरोबर आहे. गडबड आहे ती क्रमात. या रश्श्यात आपल्यासारखे वाटण नाही, फोडणी नाही, मसाला नाही, त्यामुळे चव जिथून यायची तिथूनच ती काढून घ्यावी लागते, आणि ती पहिली जागा म्हणजे मांसाची चरबी. पाण्यात एकदम टाकलेल्या मांसाची चरबी वर तरंगत राहते आणि भाज्यांना तिचा उपयोग होत नाही. त्याऐवजी जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तिळाचे तेल तापवून आधी मांसाचे काप मध्यम आचेवर परतावेत. रंग पालटून त्यांना तेल सुटू लागले की त्याच तेलात गोबो, मग मुळा व गाजर, आणि शेवटी कोन्न्याकू घालून सर्व फोडींना चकाकी येईपर्यंत परतावे. पाणी त्यानंतर.

मांसाचे म्हणाल तर पोटाकडचा भाग, ज्याला दुकानात 'बारा' म्हणतात, तो घ्यावा; चरबी नको वाटत असेल तर 'काता-रोसू' म्हणजे खांद्याचा भाग चांगला. मांडीचे किंवा 'हिरे' (म्हणजे फिले) या भागाचे निव्वळ तांबडे मांस पातळ कापून अर्धा तास उकळले तर ते चिवट होणारच, त्याला इलाज नाही. घरात तेच असेल तर परतून बाजूला काढावे आणि भाज्या शिजल्यावर परत घालावे.

गोबो ही लांब, काळसर सालीची मुळी आपल्याकडे मिळत नाही. तिची साल सोलू नये, कारण वास सालीलगतच असतो. सुरीच्या पाठीने खरवडून धुवावी आणि पेन्सिल तासतात तसे मुळी फिरवत तिचे लांबट छिलके थेट पाण्यात पाडावेत. पाणी तपकिरी होते ते घाण म्हणून नव्हे, तर मुळीतील पॉलिफेनॉल द्रव्यांमुळे. दोन-तीन मिनिटांत उपसून घ्यावे. पाणी पांढरे होईपर्यंत धूत बसले तर चवही त्याच पाण्याबरोबर मोरीत जाते.

परतून झाले की पाणी किंवा दाशी (कोंबू व वाळवलेल्या बोनितो माशाचे जपानी सार) घालावी. इतके मांस आणि इतकी कंदमुळे असताना साधे पाणी पुरते, असे माझे मत आहे. मिसोत ग्लुटामेट असते आणि मांसात इनोसिनेट. ही दोन द्रव्ये एकत्र आली की त्यांची चव नुसत्या बेरजेपेक्षा बरीच वाढते. यातले ग्लुटामेट १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीतून वेगळे केले होते, आणि वाळवलेल्या बोनितो माशातील इनोसिनेटचा उलगडा १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांनी केला. थोडक्यात, जी जोडी दाशीत असते तीच या पातेल्यात मांस आणि मिसो यांच्या रूपाने हजर असते.

उकळी फुटली की करडी मळी वर येईल. ती झाऱ्याने काढावी, पण पिवळट चरबीचे थेंब काढू नयेत. बरेच जण स्वच्छतेच्या उत्साहात तेही काढून टाकतात आणि मग रस्सा पांचट लागतो म्हणून तक्रार करतात. नंतर आच मंद करून दहा मिनिटे शिजू द्यावे आणि मगच अळकुड्या घालाव्यात, म्हणजे त्या आणि मुळा एकाच वेळी शिजतील.

आता मिसो. एकूण मापापैकी साधारण तिसरा हिस्सा भाज्या अर्ध्याअधिक शिजल्यावर घालावा. हा मिसो वासासाठी नसून फोडींच्या आत मीठ आणि चव मुरावी म्हणून असतो. उरलेला मात्र आच बंद करून, डावात थोडा रस्सा घेऊन त्यात नीट कालवून घालावा आणि त्यानंतर खळखळ उकळी येऊ देऊ नये. चार माणसांना मांस २०० ग्रॅम, पाणी १ लिटर आणि मिसो ७० ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले चार मोठे चमचे, हे माप धरून चालावे. तुमच्याकडचा तांबडा सेंदाई मिसो बराच खारट असतो, त्यात मिठाचे प्रमाण साधारण १२ ते १३ टक्के असते, म्हणून चव घेतल्याशिवाय शेवटचा चमचा घालू नये. क्योतोचा गोडसर पांढरा मिसो वापरला तर हे माप अजिबात लागू पडणार नाही.

कंदमूळ

वरच्या उत्तरात क्रम नीट आला आहे, म्हणून मी फक्त दोन कंदांविषयी लिहितो.

अळकुडीची खाज तिच्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. ओल्या हाताने ओली अळकुडी सोलली की ते स्फटिक चिकासोबत कातडीत जातात. धुतलेल्या अळकुड्या पूर्ण कोरड्या होऊ द्याव्यात, हात कोरडे ठेवावेत आणि मगच सोलाव्यात. आपल्याकडे अळूची पाने चिरताना हाताला खोबरेल किंवा चिंचेचे पाणी लावतात, तोच उपाय येथेही चालतो. त्याहून सोपे म्हणजे सालीसकट पाच-सात मिनिटे उकडून गार पाण्यात टाकाव्यात, साल बोटांनी सरकते. मात्र अशा अर्धवट उकडलेल्या अळकुड्या पातेल्यात अगदी शेवटी घालाव्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. कच्च्याच सोलल्या असतील तर मीठ चोळून, चिकट पाणी धुऊन घ्यावे. सगळा चिकटपणा काढू नये, कारण रश्श्याला दाटपणा त्यानेच येतो. पण अजिबात काढला नाही तर फेस उतू जातो आणि चूल विझते. नदीकाठी तर हमखास.

दुसरा कंद कोन्न्याकूचा. करडी, लिबलिबीत वडी पाहून पुष्कळांना तो समुद्रातला काही पदार्थ वाटतो, पण तो आपल्या सुरणाच्या भावकीतला आहे. दोन्ही वनस्पती अमॉर्फोफॅलस याच प्रजातीतल्या. जपानमधील कोन्न्याकूच्या कंदांचे ९० टक्क्यांहून अधिक पीक एकट्या गुन्मा प्रांतात निघते. कंदाचे पीठ पाण्यात भिजवून त्यात चुन्याची निवळी घातली की त्यातील ग्लुकोमॅनन गोठते आणि वडी तयार होते. वडीला येणारा उग्र वास त्या चुन्यामुळेच असतो. म्हणून पाकिटातून काढल्यावर ती सुरीने न कापता चमच्याच्या कडेने किंवा हाताने तोडावी, म्हणजे खडबडीत पृष्ठभागाला रस्सा धरून राहतो, आणि दोन-तीन मिनिटे वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे. ही एक पायरी गाळली तरी सगळ्या पातेल्याला तो वास लागतो.

भारतात करताना कोन्न्याकूच्या जागी सुरण घालावे का, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो की भावकी असली तरी गुण वेगळे आहेत. सुरणात पिष्ट असते, तो शिजून भुगा होतो. चवीला वाईट लागत नाही, पण ती लवचीक चावण्याची गंमत त्यात नाही.

तिखटजाळ

एवढे सगळे वाचल्यावर प्रामाणिकपणे विचारतो: आले-लसूण नाही, हळद नाही, लाल तिखट नाही, मग डुकराच्या मांसाचा वास कसा जातो? मी तर दोन चमचे आले-लसणाचे वाटण आणि थोडा कांदा-लसूण मसाला घातल्याशिवाय हे पातेले चुलीवर चढवणार नाही. शिवाय सगळे कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या काढल्या तर एवढा क्रम सांभाळण्याची गरजच काय?

चुलीपुढे

तिखटजाळ साहेब, मसाला घालून होणारा पदार्थ उत्तम होईल, मीही आवडीने खाईन, पण तो डुकराच्या मांसाचा कोल्हापुरी रस्सा होईल आणि त्यात ७० ग्रॅम मिसो घालणे म्हणजे मिसोचे पैसे वाया घालवणे. जपानमध्ये मांसासाठी पाळलेल्या नर डुकरांचे लहानपणीच खच्चीकरण करतात, त्यामुळे ज्या उग्र वासाची तुम्हाला भीती वाटते तो येथील मांसाला सहसा नसतो. आल्याला मात्र कोणाचीच हरकत नाही. अनेक जपानी घरांत वाढताना किसलेले आले वर घालतात. तिखटाची हौस असेल तर 'शिचिमी' नावाची सात जिनसांची पूड वाडग्यात भुरभुरावी. तिच्यात लाल मिरची, तीळ, संत्र्याची वाळलेली साल आणि सान्शो हे आपल्या तिरफळाच्या जवळचे फळ असते. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच ओळखीचा वाटेल.

कुकरबद्दल इतकेच सांगतो की मांस पातळ कापलेले आहे, त्याला कुकर लागत नाही. आणि अळकुडी तीन शिट्ट्यांनंतर सापडणार नाही.

वसईचा वाडीवाला

भारतात साहित्य मिळण्याबद्दल थोडे. वसई पट्ट्यात, मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यात म्हापसा, मडगावच्या बाजारांत डुकराचे मांस सहज मिळते, पण आमच्याकडे ते बहुधा कातडी-चरबीसकट मोठ्या तुकड्यांत मिळते, कारण आमचे इंदयाल काय किंवा गोव्याचे सोरपोतेल काय, त्यांना फोडीच लागतात. जपानी पद्धतीचे कागदासारखे काप कोणी करून देत नाही. त्यावर उपाय असा की पोटाचा अर्धा-पाऊण किलोचा सलग तुकडा घ्यावा, कातडी काढून टाकावी, तुकडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेरून कडक पण आतून सुरी जाईल इतपत झाला की धारदार सुरीने आडवे पातळ काप करावेत. मऊ मांसावर कितीही चांगली सुरी चालवली तरी काप जाडच पडतात.

गोबोच्या जागी मी कमळकाकडी घालतो. जपानी लोकही ती तोंजिरूत घालतात, तेव्हा ही काही तडजोड नव्हे. मुळा, गाजर, अळकुड्या आणि पातीचा कांदा तर आपल्या मंडईतलेच आहेत. फक्त पांढरे, लांब मुळे घ्यावेत आणि ते फार तिखट असतील तर फोडी आधी तांदळाच्या धुवणात पाच मिनिटे उकळून घ्याव्यात. मिसो परदेशी मालाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. उघडल्यावर डबा फ्रीजमध्येच ठेवावा, महिनोन्महिने टिकतो.

हिरोसेकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल वरील क्रमाने चार माणसांचे पातेले केले. रश्श्यावर चरबीचे बारीक थेंब दिसत होते, मुळा आणि अळकुड्या एकदमच शिजल्या, आणि जपानी शेजारीण वाडगा पुन्हा भरून घेऊन गेली, यातच सर्व आले. आता दोन गोष्टी राहिल्या आहेत. वीस माणसांसाठी सर्व मापे सरळ पाचपट करावीत का? आणि सासूबाईंच्या पातेल्याचे काय?

मोजमाप

सरळ पाचपट करू नये, निदान पाणी तरी नाही. मोठ्या पातेल्यात रश्श्याच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून ५ लिटरऐवजी ४ ते सव्वाचार लिटर पाण्याने सुरुवात करावी. कमी पडले तर कढत पाणी घालता येते, जास्त झाले तर काढून टाकण्यात चवही जाते. मांस १ किलो, अळकुड्या सोललेल्या दीड ते दोन किलो (इमोनी आहे, हात आखडता घेऊ नये), मुळा १ किलो, गाजर अर्धा किलो, गोबो ३०० ग्रॅम, कोन्न्याकूच्या तीन वड्या, तोफूच्या दोन-तीन वड्या आणि नेगी म्हणजे जाड पातीचा कांदा चार-पाच काड्या. नेगीचा पांढरा भाग शेवटच्या पाच मिनिटांत घालावा आणि हिरवा भाग वाढताना वरून. मिसो ३५० ग्रॅम सोबत न्यावा, पण २५० ग्रॅम घातल्यावर थांबून चव पाहावी. एवढ्या ऐवजाला पातेले १४-१५ लिटरचे लागेल. दहा लिटरचे पातेले काठोकाठ भरेल आणि ढवळताच येणार नाही.

एक किलो मांस एकदम परतायला घेऊ नये. पातेल्याचा बुडच गार होतो, मांसाला पाणी सुटते आणि ते परतले न जाता उकडले जाते. तीन घाण्यांत परतावे. लाकडाची चूल आयत्या वेळी मंद करता येत नाही, तेव्हा शेवटचा मिसो घालताना पातेलेच चुलीवरून उतरवून दगडांवर ठेवावे. त्यासाठी दोन माणसे आणि जाड फडकी आधीच तयार ठेवावीत.

आता ज्या विषयावर अशा मेळाव्यांत कोणी बोलत नाही त्याबद्दल. कच्च्या मांसाचा चिमटा आणि ताट वेगळे ठेवावे, आणि त्याच चिमट्याने शिजलेले काही उचलू नये. डुकराच्या मांसातून हिपॅटायटिस-ई चा संसर्ग होऊ शकतो, आणि म्हणूनच जपानने जून २०१५ पासून खाद्यगृहांत ते कच्चे वाढण्यास बंदी घातली. मांसाच्या आत ७५ अंश सेल्सियस तापमान एक मिनिटभर टिकले पाहिजे हा तेथील निकष आहे. पातळ काप उकळत्या रश्श्यात हा टप्पा केव्हाच ओलांडतात, त्यामुळे शिजण्याची चिंता नाही. खरी चिंता उरलेल्या रश्श्याची. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि मोठे, दाट पातेले झाकून कोमट होत राहिले की ४३ ते ४७ अंशांच्या आसपास ते झपाट्याने वाढतात. त्यांना हवाही लागत नाही, म्हणून पातेल्याचा तळ त्यांना विशेष मानवतो. खाऊन गप्पा मारत दोन-तीन तास पातेले तसेच ठेवणे आणि संध्याकाळी घरी नेऊन पुन्हा जरासे गरम करणे, हे अजिबात करू नये. उरलेले लगेच उथळ डब्यांत काढावे, डबे गार पाण्यात ठेवून निववावेत, मग फ्रीजमध्ये टाकावेत, आणि दुसऱ्या दिवशी तळापासून ढवळत खळखळून उकळी आणावी. त्या दिवशी मिसोचा वास थोडा कमी होईल, पण चव मुरलेली असेल.

कंदमूळ

सासूबाईंच्या पातेल्याचे उत्तर जपानमध्येच तयार आहे. 'केन्चिन-जिरू' हा याच कंदमुळांचा शाकाहारी रस्सा असून त्याचे मूळ कामाकुरा येथील केन्चो-जी या झेन मठात असल्याचे परंपरेने सांगितले जाते. चांगला निथळलेला तोफू हाताने कुस्करून तिळाच्या तेलात परतायचा, त्यात तुमच्याच गोबो, मुळा, गाजर, अळकुड्या व कोन्न्याकू घालायच्या आणि मांसाची उणीव रात्रभर भिजवलेल्या कोंबूच्या व वाळलेल्या शिताके अळंबीच्या पाण्याने भरून काढायची. चवीला शेवटी सोया सॉस आणि मीठ. अळंबी त्यांना चालत नसेल तर नुसते कोंबू घ्यावे, तिळाचे तेल किंचित वाढवावे.

येथे दोन ठिकाणी सावध राहावे. बाजारातील दाशीच्या पुड्यांत बहुतेक वेळा बोनितो मासा असतो. आणि 'दाशी-इरी' (म्हणजे दाशी घातलेला) असे लिहिलेल्या मिसोतही तो बहुधा असतो, हे अनेक शाकाहारी मराठी मंडळींना वर्षानुवर्षे माहीत नसते. पाकिटावरील घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी. दुसरे म्हणजे दोन्ही पातेली शेजारी असली की कोणीतरी गप्पांच्या नादात एकच डाव दोन्हीकडे फिरवतो. शाकाहारी पातेले थोडे दूर, वेगळ्या चुलीवर ठेवावे आणि त्याच्या डावाला रंगीत दोरा बांधावा. मंडळात कोणी मुस्लिम कुटुंब असेल तर त्यांनाही हेच पातेले दाखवता येईल, पण त्यांना आधी विचारावे. सोया सॉसमध्ये बहुधा अल्कोहोल असते आणि काहींना ते चालत नाही.

चुलीपुढे

एक राहिलेच. यामागातात पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रश्श्यात करीचा मसाला-गोळा विरघळवून त्यात उकडलेले उदोन नूडल्स घालतात. सेंदाईत मिसोच्या रश्श्यातही हे चालते, आणि तिखटजाळ साहेबांचीही सोय होते. करीचा गोळा स्वतःच खारट असतो, म्हणून आधी वाटीभर कढत पाणी घालून रस्सा पातळ करावा. उदोन गोठवलेले घ्यावेत, थेट पातेल्यात टाकता येतात. फक्त हे जेवण संपता संपता, रस्सा अजून वाफाळत असतानाच करावे.